सॉरीचं माहेर

माझ्या घरात 'सॉरी' म्हणायला बंदी आहे. म्हणजे मी घातली आहे; पाळत कोणीच नाही. नातू धावत जाताना माझ्या पायावर पाय देतो आणि पुढच्या खोलीत पोहोचल्यावर तिकडूनच 'सॉरी आजी' असं ओरडतो. सून दूध उतू घालवते, 'सॉरी' म्हणते आणि फडकं शोधायला मलाच उठावं लागतं. मी चिडले की मुलगा म्हणतो, आईला त्या शब्दाची ॲलर्जी आहे. मग सगळे हसतात. हसू देत. एवढ्याशा इंग्रजी शब्दाचा राग कशासाठी, हे सांगायचं तर पार यवतमाळच्या हॉस्टेलापासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढं ऐकून घ्यायला कोणाला सवड आहे?

साठ सालाच्या मागेपुढे मी यवतमाळला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तरीण व्हायला आले. मी पुसदकडच्या एका कुणब्याच्या घरची. वडिलांनी मला शिकायला धाडलं ते शिक्षणाच्या प्रेमापोटी नव्हे. माझं लग्न जमत नव्हतं, आणि तोवर पोरगी शिकून राह्यली तर काय बिघडते, असा त्यांचा सरळ हिशेब होता. खोलीत सोबतीण मिळाली ती पांढरकवड्याच्या अलीकडच्या एका सडकेवरच्या गावची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा ती शाळकरी होती. ट्रकमध्ये उभी राहून नागपूरला गेली आणि घोषणा देऊन देऊन आवाज बसवून परत आली, असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची.

पहिल्याच दिवशी तिने वळकटी न सोडता मला विचारलं, "मी बौद्ध हाये. खोली बदलून पाहिजे असन तं आत्ताच सांग. सामान काढल्यावर नको सांगू."

मी म्हटलं, "तू घोरतं का? घोरत असशीन तं बदलते."

ती घोरायची, पण ते रात्री कळलं आणि तोवर आमची गट्टी जमली होती. हॉस्टेलात एकच माठ होता, एकच पंगत होती. आम्ही तर पुष्कळदा एकाच ताटात जेवायचो, कारण तिला भाकरीची कड आवडायची आणि मला मधला भाग. तेव्हा मला वाटायचं की माझ्या मनात तसलं काही नाही. नव्हतंच. पण मनात नसून भागत नाही, हे पुढे कळायचं होतं.

तिच्याकडे एक इंग्रजी शब्दकोश होता. नागपूरच्या मामाने जुन्या बाजारातून आणून दिलेला. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे आमचं इंग्रजी 'ए' अर्धा संपल्यावरच सुरू व्हायचं. त्या कोशात प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग आणि अर्थ तर होताच, शिवाय तो शब्द मुळात कुठून आला तेही बारीक अक्षरात दिलेलं असे. ते बारीक अक्षर वाचायचं तिला भारी वेड. रोज संध्याकाळी जेवणाची घंटा व्हायच्या आधी आम्ही एक शब्द घ्यायचो. तो कसा पाहायचा, याची पद्धत तिनेच पाडली होती. स्पेलिंग म्हणजे शब्दाचं रूप. अर्थ म्हणजे सासर, कारण आता तो तिथे नांदतो, राबतो. आणि मूळ म्हणजे माहेर. "रूप झालं, सासर झालं. आता माहेर सांग," असं म्हणून ती कोश माझ्याकडे सरकवायची.

खिडकीला इंग्रजीत 'विंडो' म्हणतात, त्याचं माहेर निघालं 'वाऱ्याचा डोळा'. 'डॉटर' आणि आपली 'दुहिता' एकाच माहेरच्या. 'कँडल' म्हणजे मेणबत्ती, तिचं माहेर चमकण्याच्या अर्थाचं, आणि आमच्या संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की 'चंद्र'ही त्याच घरचा. त्या दिवशी ती इतकी खूश झाली की जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या घरी रोज चंद्र लावतात वं!" आता असे शब्द निघाले म्हणजे कोणाचंही मन लागणारच. 'सॉरी' हा शब्द मात्र आम्ही कधी काढला नाही. तो तर सगळ्यांनाच येतो, त्यात काय पाहायचं, असं वाटलं असावं.

अशाच एका संध्याकाळी भांडणांचा विषय निघाला, आणि मी तिला आमच्या गावची रीत सांगितली. आमच्याकडे दोन बायांचं बोलणं तुटलं, तर जिची चूक तिने दुसरीच्या दारात जायचं आणि पाणी मागायचं. "पाणी दे वं." बस. माफी मागायची नाही, झालं गेलं उगाळायचं नाही. दुसरीने पाणी दिलं आणि पहिलीने ते तिथेच उभ्याने प्यायलं की मिटलं. माझ्या आईने शेजारणीच्या कोंबडीवर एकदा बत्ता फेकून मारला होता. कोंबडी मेली. बरेच दिवस अबोला चालला. मग एक दिवस आई घरातले सगळे हंडे भरलेले असताना शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली. शेजारीण मुद्दामच भला मोठा गडवा भरून घेऊन आली, आणि आईने तो एका दमात रिता केला. मग दोघी हसून हसून खाली बसल्या.

माझी सोबतीण हे ऐकून हसली. मग म्हणाली, "चांगली रीत हाये. पण आमच्या दारात कोण येईन वं पाणी मांगाले?"

"मी येईन न," मी म्हटलं.

"ये," ती म्हणाली. "पण आंधी भांडण तं करशीन!"

ट्रेनिंग संपलं आणि नेमणुका निघाल्या. तिला तिच्याच गावची शाळा मिळाली. मलाही तीच मिळाली. मी आनंदाने उड्या मारल्या. गावातून नागपूर-हैदराबादची सडक जायची. सडकेच्या एका अंगाला गाव, शाळा, विहीर, देऊळ. दुसऱ्या अंगाला बौद्धपुरा. गावातले लोक अजून त्याचं जुनंच नाव घ्यायचे, आणि चुकून तिच्यासमोर म्हटलं की ती शांतपणे नवं नाव सांगून पुढचं बोलायची. माझ्यासाठी खोली तिनेच शोधली. म्हणजे ती स्वतः विचारायला गेली नाही. शाळेच्या मोठ्या गुरुजींकरवी निरोप धाडून जमवून दिली. "तिथंच राह्य," मला म्हणाली, "त्या घरच्या विहिरीचं पाणी लय गोड हाये म्हन्तात." म्हणतात. तिने ते प्यायलेलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

घरमालकीण काकू वाईट नव्हत्या. मला ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या होत्या. खोली देताना त्यांनी एवढंच सांगितलं, "हे पाहा बाई, तुमच्याकडं कोणी बी येऊ द्या. बसाले ना नाई. पण पाण्याले हात नाई लागला पाहिजे. आमचा देवधर्म हाये." कोणाचा हात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी मान हलवली. मनात म्हटलं, आत्ता हो म्हणू, पुढचं पुढे पाहू.

पुढचं चैत्रात आलं. सकाळची शाळा होती आणि मी तापामुळे घरीच होते. शाळा सुटल्यावर ती भर उन्हात मला पाहायला आली. आपल्या दारच्या झाडाची लिंबं पदरात बांधून आणली होती. काकू अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होत्या. ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाणी दे वं जरा. जीव चालला."

काकूंचा हात कुरडईवर थांबला. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबलेला मला दिसला. आणि मी म्हटलं, "माठ रिकामा हाये. आता भराचाच होता."

माठ माझ्या मागे होता. ओल्या रेतीवर बसवलेला, अंगाला पाणी सुटलेला. खाली वाटी ठेवली होती, तिच्यात थेंब पडला तो दोघींनीही ऐकला. तिने माठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग अंगणातल्या काकूंकडे. तिला सगळं समजलं. तिने गाठ सोडली, लिंबं उंबऱ्याच्या आत ठेवली आणि म्हणाली, "सरबत करून पी. तापाले चांगलं असते." आणि त्याच उन्हातून परत गेली.

काकूंनी पुढची कुरडई घातली. मी लिंबं कापली नाहीत. कोनाड्यात ठेवली आणि ती तिथेच वाळून गेली.

दुसऱ्या दिवशी मी ताप असतानाच शाळेत गेले. रात्रभर मी एकच ठरवत होते, की तिच्यापुढे काय म्हणायचं. मराठीत जे जे सुचलं ते उच्चारलं की खरं होत होतं. 'मी खोटं बोलली', 'मी भ्याली', 'मी तुले पाणी नाई देलं'. यातलं एकही वाक्य तोंडाबाहेर येईना. शेवटी मुली प्रार्थनेला उभ्या राहत असताना मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "सॉरी."

 मधल्या सुट्टीत तिने कपाटातून तो शब्दकोश काढला. आता तो शाळेत ठेवलेला असायचा. हॉस्टेलातल्यासारखाच माझ्यापुढे उघडला आणि बोटाने ओळ दाखवली.

"एस, ओ, डबल आर, वाय. रूप झालं," ती म्हणाली. "सासर, वाईट वाटणे, खेद होणे. आता माहेर वाच."

मी वाचलं. मला वाटलं होतं 'सॉरो' म्हणजे दुःख, त्यातूनच हा शब्द आला असणार. पण कोश म्हणत होता की तसं नाही. दोन शब्द दिसायला बहिणी, पण सख्ख्या नव्हेत. शेजारी राहून राहून चेहरा सारखा झालेला. 'सॉरी'चं माहेर वेगळंच होतं. 'सोअर'. जखम, ठणका, अंगातलं दुखणं.

"म्हंजे जो म्हन्ते त्याले ठणकते," ती म्हणाली. "ज्याले लागलं त्याचं नावच नाई या शब्दात. बरोबर हाये शब्द. तुम्हाले ठणकून राह्यलं, बाई, तुम्ही म्हटलं."

तिने कोश मिटला आणि वर्गावर गेली. तिला माझ्याशी 'तुम्ही' बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मुलींसमोर आम्ही एकमेकींना बाई म्हणायचो हे खरं, पण तिथे मुली नव्हत्या.

त्या दिवसापासून ती माझ्याशी भांडली नाही, रागावली नाही, तोंड फिरवलं नाही. अगदी सरळ वागायची. 'बाई, तुमचा तास हाये.' 'बाई, तुमची छत्री राह्यली.' एकेका 'तुम्ही'ने मला कानफटात बसावी तसं व्हायचं. मला तिचं 'तू' परत हवं होतं. दुसरं काही नको होतं. आणि ते कसं मिळेल हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण रीत मीच तिला सांगितली होती. सडक ओलांडायची, तिच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, पाणी दे. पाणी प्यायचं.

इतकं सोपं काम मी पुढे ढकलत राहिले. एकदा सडकेपर्यंत गेले. सागवानाने लादलेले ट्रक जात होते. ते संपेपर्यंत थांबले, आणि संपल्यावर चहावाल्याच्या टपरीसमोर बसलेल्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं म्हणून पेरू विकत घेऊन परत आले. मला भीती कशाची होती? काकू खोलीतून काढतील. वडिलांच्या कानावर जाईल. दिग्रसकडच्या एका स्थळाचं तेव्हा जमत आलं होतं, ते लोक काय म्हणतील. ही सगळी कारणं खरी होती. मी ती रोज एकदा स्वतःला नीट समजावून सांगायची आणि मग शाळेत जाऊन तिला पुन्हा 'सॉरी' म्हणायची.

किती वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हटलं मी ते! तिच्या वर्गातला खडू संपला की आधीच आणून ठेवून. बऱ्या पायाची खुर्ची तिच्याकडे सरकवून. रजिस्टर तिच्या हातात देताना बोटं लागली तरी 'सॉरी'. माझ्या तोंडून तो शब्द इतका ऐकू यायचा की चौथीच्या मुलींनी तो उचलला. लगोरी खेळताना चेंडू पाठीत हाणायचा आणि 'सारी' म्हणून पळायचं, असा त्यांचा खेळच झाला. एकमेकींच्या वेण्या ओढायच्या आणि 'सारी'. मोठे गुरुजी खूश झाले. "पोट्ट्या इंग्रजी बोलून राह्यल्या, बाई. तुमची मेहनत हाये," असं सगळ्यांसमोर म्हणाले. ती कोपऱ्यात वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही, पण तिच्या ओठांवर जे आलं ते हसू होतं असं मी म्हणणार नाही.

पाऊस सरला, अश्विन लागला. दिग्रसचं स्थळ पक्कं झालं. दिवाळीनंतर नोकरी सोडायची असं वडिलांनी कळवलं. मग मात्र मला कळलं की आता पुढे ढकलायला जागा उरलेली नाही. एका रविवारी दुपारी मी जेवले, काकूंना कुठे जाते ते सांगितलं नाही, आणि सडकेकडे निघाले.  टपरीसमोर माणसं होती. मी कोणाकडे पाहिलं नाही. सरळ सडक ओलांडली.

तिच्या दारात लिंबाचं झाड होतं. घर शेणाने ताजं सारवलेलं. ती घरी नव्हती, पिठाच्या गिरणीवर गेली होती. तिची आई होती. काळी, किडकिडीत बाई. कपाशीच्या बोंडांनी बोटं ओरबाडलेली. मला पाहून ती अशी गडबडली की हातातलं सूप तिने खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. बाजेवर धुतलेली वाकळ अंथरली आणि स्वतः जमिनीवर बसली. "बसा, बाई. येईन आता ते."

मी वाट पाहायला हवी होती. पण महिनोन्महिने घोकलेलं वाक्य आता पोटात राहीना. मी म्हटलं, "मावशी, पाणी द्या."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग आतल्या घडवंचीवर झाकून ठेवलेल्या माठाकडे तिने पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "हो हो, आणते न," म्हणाली आणि उठून लगबगीने बाहेर पडली. मला वाटलं मागे कुठे गडवा घासायला गेली असेल. मी बसून राहिले. आतल्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या आणि त्यांच्यापुढे अर्धी जळालेली मेणबत्ती. 'आमच्या घरी रोज चंद्र लावतात वं.' ते आठवून मला जरा बळ आलं. आता ती येईल, पाणी देईल, मी पिईन, आणि लेक घरी आली की तिला काही सांगावंच लागणार नाही, असं मी ठरवूनही टाकलं.

तिची आई परत आली ती धापा टाकत. मागे सडकेवरच्या चहावाल्याची बायको होती. तिच्या हातात पितळेचा गडवा, वर फुलपात्र.

"घ्या, बाई," तिची आई लांब उभी राहून म्हणाली. "त्यांच्या घरचं हाये. मी हात नाई लावला. त्यायनंच भरून आणला."

तिला मी काय म्हणणार होते? माझ्यासारख्या घरची बाई दारात येऊन पाणी मागते, याचा तिने तिच्या आयुष्याला ठाऊक असलेला अर्थ लावला होता. मला बाटू द्यायचं नव्हतं तिला. माझी अब्रू राखायला ती त्या उन्हात सडक ओलांडून गेली होती, दुसऱ्याच्या दारात उभी राहिली होती आणि माझ्यासाठी पाणी मागून आली होती. पाणी मागायला मी आले होते. मागावं लागलं तिला.

चहावाल्याची बायको कंबरेवर हात ठेवून उभी होती. "तुम्ही इकडं कशा काय, बाई?" तिने विचारलं, आणि मी काय करते ते पाहत राहिली. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की मला हे नको, त्या माठातलं द्या. ते शब्द माझ्याजवळ होते. मी गडवा घेतला, फुलपात्रात पाणी ओतलं आणि प्यायले.

आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण वाटलं. पाणी मागून झालं, पिऊन झालं, आणि माझं काही बिघडलंही नाही. माठाबद्दल खोटं बोलले तेव्हा मी तापात होते, भ्यायले होते; त्या खोट्याला काही तरी सबब सापडेल. या हायसं वाटण्याला मला आजवर सबब सापडलेली नाही.

सडकेवर ट्रक थांबून हॉर्न वाजवायला लागला. "गडवा मंग नेते," म्हणून चहावाल्याची बायको गिऱ्हाइकाकडे पळाली. ती गेली आणि माझी सोबतीण डोक्यावर पिठाचा डबा घेऊन अंगणात आली.

तिने मला पाहिलं. माझ्या हातातला गडवा पाहिला. तो कुठला, ते तिला विचारावं लागलं नाही. तिची आई मोठ्या कौतुकाने सांगायला लागली, "बाईनं पाणी मांगलं वं. म्या चहावाल्याकडून आणवलं. आपलं कसं द्याचं?"

तिने डबा उतरवला. "इथं मांगलं? आपल्या घरी?"

"हो न. आल्या आल्या मांगलं."

तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हललं. मी कशासाठी आले होते ते तिला समजलं. त्या गावात ती रीत मला आणि तिला, दोघींनाच माहीत होती. ती आत गेली. घडवंचीवरच्या माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, पाण्यात ओगराळं बुडाल्याचा आवाज आला. ती स्टीलचा पेला काठोकाठ भरून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पेला तिने पुढे केला नाही. नुसता धरून उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत राहिली. हॉस्टेलातल्यासारखं पाहत होती. आता माहेर सांग, असं म्हणताना पाहायची तसं.

अंगणात तिसरं माणूस म्हणजे तिची आई. सडकेवरून इकडे पाहणारं कोणी नाही. काकू नाहीत, चहावाल्याची बायको नाही, दिग्रसचे लोक नाहीत. मी फक्त 'दे' म्हणायचं होतं. किंवा तेही नाही, हात पुढे करायचा होता.

माझ्या एका हातात गडवा होता आणि दुसऱ्यात फुलपात्र. ते खाली कुठे ठेवावं ते मला सुचेना.  तोंड उघडलं, आणि इतक्या महिन्यांची सवय असलेली जीभ जिकडे वळायची तिकडेच वळली.

"सॉरी," मी म्हटलं.

 तिने पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी स्वतः प्यायली. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. पदराने ओठ पुसले, आणि पिठाचा डबा उचलून आत जाता जाता माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"ऊन्ह उतरू द्या, बाई. मंग जा तुम्ही."